रंगाचा रविवार

एकोणीसशे बहात्तर साल होतं ते. बाबांना जाऊन अकरा महिने झाले होते, बाग उघडायला आठ दिवस उरले होते, आणि त्या एका सकाळी आमच्या घरातल्या प्रत्येकाने आपली बाजू बदलली. नंतर कोणालाही विचारलं तर तो म्हणायचा, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो." पण मी तिथे होते. एकोणीस वर्षांची होते, हातात जांभळ्या रंगाचा डबा होता, आणि कोण आधी काय म्हणत होतं ते मला नीट आठवतं.

बाग म्हणजे फार मोठं काही नव्हतं. अठरा लाकडी घोडे आणि दोन रथ असलेलं एक गोल फिरणारं चक्र, आठ डब्यांचा आकाशपाळणा, वेडेवाकडे आरसे लावलेली खोली, आणि सुटल्यापासून पावणेदोन मिनिटांत त्याच फलाटावर परत येणारी एक आगगाडी. तरी त्या गाडीतून मुलं आयांना असा हात हलवायची की जणू पुन्हा भेट नाही. पाळणा उंच करा म्हणून लोक बाबांच्या मागे लागायचे. बाबा म्हणायचे, "वर गेलेल्या मुलाला खालचा आईचा चेहरा ओळखू आला पाहिजे. त्याच्यावर कशाला जायचं?" चक्राच्या पेटीबाजाला एकच धून यायची आणि तिच्यातला एक सूर कधीचा गेला होता. आसपासची सगळी मुलं ती धून शिटीवर वाजवताना त्या जागी बरोबर श्वास घ्यायची. मूळ धुनेत तिथे काहीतरी आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

दरवर्षी बाग उघडायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे मिळून घोडे रंगवायचो. त्याला आमच्या घरात 'रंगाचा रविवार' म्हणत. त्याचे नियम बाबांचे. पहिला नियम, जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा हात मारायचा. "खरवडलं की घोड्याला दुखतं," असं ते सांगायचे आणि आम्ही मोठे झालो तरी ते अर्धंमुर्धं खरं मानायचो. दुसरा नियम, रंगवायच्या आधी चक्राची पहिली फेरी घरातल्या सगळ्यात लहान माणसाने सात नंबरच्या घोड्यावर बसून मारायची, आणि त्या वर्षी खोगिरांना कुठला रंग ते त्यानेच ठरवायचं. चौथ्या वर्षापासून दहा वर्षं तो मान माझा होता. मग थोरल्या दादाची चिमणी घोड्यावर बसण्याएवढी झाली आणि मी पायउतार झाले. त्या वर्षी चिमणी आठ वर्षांची होती आणि तिने जांभळा मागितला होता.

"जांभळं खोगीर?" वहिनी म्हणाली. "घोडे आहेत की वांगी?"

"आजोबा असते तर हो म्हणाले असते," चिमणी सात नंबरवरून उतरत म्हणाली. तिची फेरी नुकतीच झाली होती.

"आजोबांनी तुला काय नाही म्हटलं कधी?"

आई रथाच्या पायरीवर बसून लाकडाच्या काडीने पांढरा रंग ढवळत होती. ती हसली नाही. बाबा गेल्यापासून ती कमीच बोलायची, म्हणून आम्हाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मधला भाऊ बाबांचा जुना कोट चढवून ब्रश वाटत होता. तो कोट त्याला खांद्यात तंग व्हायचा. मधला चांगला ब्याण्णव किलोंचा गडी. छापखान्यातली नोकरी सोडून, ठरलेलं लग्न मोडू देऊन तो बागेत आला होता. मुलीकडच्यांनी विचारलं होतं, "नवरामुलगा काय करतो?" आणि हा म्हणाला होता, "घोडे फिरवतो." बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्याने त्यांना शब्द दिला होता की बाग चालू राहील. त्याच्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

तेवढ्यात दादा आला आणि त्याच्याबरोबर एक अनोळखी गृहस्थ आले.

दादाच्या मनात काय होतं ते मला त्याने फार वर्षांनी सांगितलं. तिकिटाच्या खिडकीवरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहत होतो. पेटीबाजा सुरू झाला की जमीन थरथरायची, चिमणी अभ्यासाला बसली की वर आगगाडीची शिटी ऐकू यायची. त्याला आणि वहिनीला तिथून बाहेर पडायचं होतं, आणि ते काही पाप नव्हतं. बाग आईच्या नावावर होती. आईच्या सहीशिवाय ती विकता येत नव्हती, आणि आईला विचारायचा धीर त्याला अकरा महिने झाला नव्हता. म्हणून त्याने गिऱ्हाईकच घरी आणलं.

"हे जुन्या वस्तू घेतात," दादा म्हणाला. "घोडे बघायला आलेत."

"बघायला की घ्यायला?" मधल्याने विचारलं.

"आधी बघतील ना?"

"दादा, आज रंगाचा रविवार आहे."

"म्हणून तर आज आणलं. तुम्ही जांभळे करून ठेवायच्या आत."

मधल्याने आईकडे पाहिलं. आई ढवळत राहिली. मग त्याने वहिनीकडे पाहिलं आणि वहिनीने नजर चिमणीच्या मोज्यांकडे वळवली. तेव्हा त्याला कळलं की वहिनीला हे आधीपासून माहीत होतं.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"भाऊजी, मला पोरीला झोपायला एक खोली हवी आहे," ती म्हणाली. "माझी मागणी मोठी नाही."

व्यापारी भला माणूस होता. घरच्या भांडणात पाहुण्याने कुठे बघावं हे त्याला कळत होतं. तो सरळ घोड्यांकडे गेला. सात नंबरच्या मानेवरून हात फिरवून म्हणाला, "हाताने कोरलेत. कोणी?"

"आमच्या वडिलांनी," मधला आणि दादा एकदमच म्हणाले, आणि एकमेकांवर चिडले.

"काम देखणं आहे. रंगाचे किती हात असतील?"

"तेवीस," मी म्हणाले.

"खालचं लाकूड बघावं लागेल. पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी, थोडं खरवडू का?" त्याने खिशातून लहानसा चाकू काढला.

"या बागेत खरवडत नाहीत," मधला म्हणाला.

"मी रंग विकत घेत नाही हो. लाकूड घेतो."

"विकतंय कोण?"

"अरे, बघू दे की त्यांना," दादा म्हणाला. "आयुष्यभर बाबांच्या कोटात फिरणार आहेस का? तो तुला होतसुद्धा नाही."

हे लागलं. मधल्याचा चेहरा लाल झाला. त्याने कोट काढून रथात टाकला, व्यापाऱ्याला हाताने बाजूला केलं आणि म्हणाला, "लाकूड बघायचंय? हे बघा लाकूड. मिस्त्री, चालू करा."

मिस्त्री म्हणजे चक्राचं इंजिन सांभाळणारे. बाबांच्या बरोबरीचे, मूळचे सुतार, बोलायला महाग. ते इंजिनाच्या दांड्याजवळ उभे होते. त्यांनी हात हलवला नाही.

"मोठ्या माणसांनी रथात बसायचं," ते म्हणाले. "पाटी आहे."

पाटी होतीच. मोठ्या देखण्या अक्षरांत: 'घोडे मुलांसाठी, रथ मोठ्यांसाठी'. आमच्या बागेचा तो थाटच होता. घरंदाज बाप्ये टोप्या सांभाळत रथात अवघडून बसायचे आणि त्यांची मुलं घोड्यावरून त्यांना हसायची. लोक म्हणत, बाबांना मुलांचं मन कळतं.

"पाटी गिऱ्हाइकांसाठी," मधला म्हणाला. "मी घरचा आहे. चिमणे, सरक." चिमणी तोवर शेजारच्या आठ नंबरवर चढून बसली होती. ती गंमत बघायला तिथेच राहिली.

"उतर," आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. आम्हाला वाटलं ती चिमणीला सांगते आहे.

मधल्याने पितळी दांडा धरला आणि खोगिरावर बसला. नीटही नाही, नुसता टेकला. चक्र फिरतही नव्हतं. आवाज आला तो मोडण्याचा नव्हे. वाळलेल्या पावावर अंगठा दाबला तर येईल तेवढाच आवाज. आणि मधला खाली गेला. त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत घोड्याच्या पोटात होता, डावा बाहेर लोंबकळत होता, दोन्ही हातांनी त्याने दांडा धरलेला होता, आणि घोड्याच्या पोटातून तपकिरी भुसा संथपणे फळ्यांवर पडत होता. चाळणीतून पीठ पडावं तसा. तो बराच वेळ पडत राहिला.

कोणी ओरडलं नाही. मला आजही नवल वाटतं ते याचंच. शेजारच्या घोड्यावर चिमणी बसलेली होती आणि आम्हा कोणालाही तिला हाक मारायचं सुचलं नाही. आम्ही घोड्याच्या आत बघत होतो. आत काही नव्हतं. नखभर जाडीचं रंगाचं कवच होतं, तेवीस हातांचं, आणि आत भुसा.

पहिली हलली ती वहिनी. ती गेली, चिमणीला दोन्ही काखांत धरून आठ नंबरवरून अशी उचलली, जसं दूध उतू जाताना पातेलं उचलतात. मग पोरीला कडेवर घेऊन उभी राहिली. आठ वर्षांची मुलगी, पाय गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, पण तिने खाली ठेवलं नाही.

व्यापाऱ्याने चाकू उघडला आणि विचारल्याशिवाय आठ नंबरच्या पोटाला टेकवला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. नऊ नंबर. तेही गेलं. चार घोड्यांनंतर त्याने चाकू पुसून मिटला आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"माफ करा," तो दादाला म्हणाला. खरेदी नाही म्हणून की दुसऱ्या कशासाठी, कोण जाणे. फाटक बंद झाल्याचा आवाज आला.

मिस्त्रींनी आणि दादाने मिळून मधल्याला बाहेर काढला. पाय सोलला होता, बाकी धड होता. दादा खाली बसून त्याच्या विजारीवरचा भुसा झटकत होता. झटकून झाला तरी झटकत होता.

"कीड आहे," तो म्हणाला. "या वर्षी लागली असेल. बाबा गेल्यापासून लक्ष नाही कोणाचं."

"एका वर्षात एवढं होत नाही," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला तुमच्या वडिलांनी इंजिनाला ठेवलं होतं. घोड्यांना हात लावू दिला नाही कधी. भोकं बुजवायला लांबी भरायची ती त्यांनी स्वतः, रंगाच्या रविवारच्या आदल्या दिवशी, एकट्याने." मग ते म्हणाले, "मनात यायचं. विचारलं नाही."

"बाबांना ठाऊक असतं तर त्यांनी पोरं बसवली असती का?" दादा म्हणाला. बाबांना आयुष्यभर हट्टी, हिशेबशून्य, बागवेडा म्हणणारा दादा. "आपली पोरं? काहीतरीच बोलता. आई, सांग ना यांना."

आईने काडी डब्याच्या कडेला निथळली आणि खाली ठेवली.

"ती पाटी मी रंगवली," ती म्हणाली.

आम्हाला समजेना.

"तारखात्यातला एक जाडा कारकून यायचा. फार हौशी. सात नंबरवर बसला आणि खोगीर दबलं. त्याला वाटलं गंमत आहे, हसत उतरला. ह्यांनी रात्री बघितलं तर आत कीड. खोक्यांचं लाकूड होतं ते. चांगलं कुठलं परवडायला? तेव्हा एकाच घोड्यात होती. हे म्हणाले, या हंगामात नको, पुढच्या हंगामात बदलू. लांबी भरली, वरून रंग मारला. मला म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, पाटी रंगव. मी रंगवली. पुढच्या हंगामातही तेच म्हणाले. मग म्हणायचंही बंद केलं. मीही."

"किती वर्षं?" मधल्याने विचारलं.

"चौदा."

मधला रथाच्या कडेवर बसला होता. शेजारी बाबांचा कोट पडला होता. त्याने तो उचलून घडी घातली, बाह्या आत, कॉलर वर, दुकानात घालतात तशी, आणि आईच्या शेजारी पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "आणि मला शब्द द्यायला लावला."

"त्यांना वाटायचं, मुलांचं वजन ते काय," आई म्हणाली.

"म्हणून सगळ्यात हलकं मूल आधी बसवायचं," मधला म्हणाला. "पहिली फेरी. मी ब्याण्णव किलोंचा माणूस घरात असताना."

हे ऐकून माझ्या हातातला डबा कधी खाली गेला मला कळलं नाही. जांभळा रंग फळ्यांच्या फटींतून खाली गेला, इंजिनापर्यंत. दहा वर्षं. दहा वर्षं मी सात नंबरवर बसले होते, आणि बाबा खाली चक्राबरोबर चालत असायचे, एक हात माझ्या गुडघ्याजवळ. मी मैत्रिणींना सांगायचे, माझे बाबा पूर्ण फेरी माझ्याबरोबर चालतात. तो हात कशासाठी असायचा ते मला एकोणिसाव्या वर्षी कळलं.

"आई," मी विचारलं, "पहिली फेरी आधीची की पाटी आधीची?"

आईने माझ्याकडे बघितलं. "फेरी. तू चार वर्षांची होतीस, हट्ट धरलास की मी सगळ्यांच्या आधी बसणार. हे विरघळले. पाटी त्याच्या पुढच्या वर्षीची."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. चौदा वर्षं जी गप्प राहते ती एक दयेचं वाक्य सहज बोलेल, असं मला वाटलं.

दादा उठला. "बरं. झालं ते झालं. कोणाला काही झालं नाही. बाग पुढच्या रविवारी उघडते असं छापून गेलंय. घोडे झाकून ठेवू, पाळणा आणि गाडी चालू करू. बाहेर एक शब्द जायला नको. बाबांचं नाव आहे."

"पाळण्याची लाकडं कोणी बघितली?" वहिनीने विचारलं.

दादाने मान वर करून पाळण्याकडे पाहिलं.

"अहो, मी कालपर्यंत तुमच्या बाजूने होते," ती दादाला म्हणाली. "बाग विका म्हणत होते. आता विकायची नाही. ज्याला विकाल तो वरून रंग मारून उघडेल. आणि उघडायचीही नाही. आई, तुमचं अक्षर अजून चांगलं आहे ना?"

सासूशी ती असं कधी बोलली नव्हती. दादा "अगं" म्हणाला आणि तिथेच थांबला.

आई उठली. तिने पाटी खिळ्यावरून काढली, उलटी केली, मांडीवर घेतली. मागची बाजू कोरी, पांढरी होती. मधल्याने तिच्यासमोर डबा धरला. तिच्यावर उठेल असा रंग फक्त जांभळाच होता, मी सांडलेल्यातला तळाशी उरलेला. तिने सावकाश, जाडबारीक रेघा सांभाळून लिहिलं, 'बाग बंद आहे'. मग ब्रश पुन्हा बुडवून खाली लिहिलं, 'घोडे आतून पोकळ झाले आहेत'.

"हे दुसरं कशाला?" दादा म्हणाला.

"लोकांची मुलं बसली होती त्यांच्यावर," आई म्हणाली. "खिळा दे."

पाटी फाटकावर लागली तेव्हा दुपारचे बारा वाजायचे होते.

त्यानंतर आठवडाभर लोक येऊन पाटी वाचून जात. काही आया आईला वाटेत अडवून बोलल्या. ते सगळं आईने ऐकून घेतलं. एकीने फाटकावर थुंकलं. आईने ते पुसलं आणि आम्हाला सांगितलं नाही, मिस्त्रींनी सांगितलं. तो जाडा कारकूनही आला. पाटी वाचून तो उशिरापर्यंत फाटकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मी त्या दिवशी हसलो होतो हो."

दादा त्याच वर्षी नोकरीत बदली घेऊन दुसऱ्या गावी गेला. तो पुन्हा बागेत आला नाही. बाबांना कीड माहीत होती हे त्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मला सांगितलं ते सगळं सांगितलं, पण त्या मुद्द्यावर आला की म्हणायचा, "आईचं वय झालं होतं, तिचा घोटाळा झाला असेल." आई तेव्हा पंचावन्नची होती. तो वारला तेव्हा त्याच्या पाकिटात बाबांचा एकच फोटो निघाला, चक्राजवळ उभे असलेले, एक हात पुढे केलेला. फोटोत घोडा आलेला नाही, नुसता हात आहे.

मधला मिस्त्रींकडे सुतारकाम शिकला. चार वर्षं लागली. त्याने बाग पुन्हा उघडली, सहा घोड्यांची. ते घोडे दिसायला बेताचेच होते, दोन तर गाढवासारखे दिसत, आणि मुलं आधी त्याच दोघांवर पळायची. त्यांना त्याने रंग दिला नाही, नुसतं तेल. पाटी लावली नाही. पहिली फेरी मात्र ठेवली, घरातल्या सगळ्यात जड माणसासाठी. बरीच वर्षं तो मान त्याचा स्वतःचाच होता. मग वहिनी सुट्टीत यायला लागली आणि तिने एका वर्षी काट्यावर उभं राहून तो मान उघड उघड हिसकावून घेतला. सगळ्या मुलांसमोर ती गाढवावर बसून फिरली आणि उतरून म्हणाली, "चालेल. बसवा पोरं." मधल्याचं लग्न झालं नाही. पेटीबाजाचा गेलेला सूर मिस्त्रींनी मरायच्या आदल्या वर्षी बसवून दिला, तर मुलांनी तक्रार केली की धून चुकते आहे. मग तो काढला.

आई आणखी एकोणीस वर्षं जगली. तिकिटाच्या खिडकीत बसायची. प्रत्येक मुलाकडे नको तितकं निरखून बघायची, म्हणून काही मुलं तिला घाबरायची.

चिमणी इंजिनियर झाली. इमारतींमधल्या लिफ्ट तपासून त्या चालवायला योग्य आहेत की नाहीत हे ती ठरवते. पास करायच्या आधी ती स्वतः आत उभी राहून वर जाऊन येते. ते तिच्या कामात बसत नाही, असं तिचे वरिष्ठ म्हणतात.

आणि मी. सात नंबर जाळायच्या आधी मिस्त्रींनी मला त्याच्या खोगिराचा एक तुकडा करवतीने कापून दिला. मागितला नव्हता. "तुमच्या आईला खोटं समजू नका," एवढंच म्हणाले. तो तुकडा माझ्या खिडकीत आहे. कडेने बघितलं की रंगाचे हात एकावर एक दिसतात, वहीच्या पानांसारखे. मी चार वर्षांची असताना निळा मागितला होता, पाच वर्षांची असताना पिवळा. निळ्याच्या खाली सगळं सलग आहे. निळ्याच्या वर लांबीची पांढरट जाड रेघ आहे, आणि तिच्यावर पिवळा.

म्हणजे निळ्या वर्षी त्यांना काही माहीत नव्हतं. त्या वर्षी ते माझ्याबरोबर नुसते चालले. पिवळ्यापासून पुढचे नऊ हात मी अजून मोजते, आणि दर वेळी निळ्यावर परत येऊन थांबते.